सरपंचाची टाकी

त्या दिवशी सगळं आसनगाव लाइट यावी म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि तिकडे लांब, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात, भरल्या मांडवात मी एकटी ती येऊ नये म्हणून हात जोडत होते. ऐन मे महिन्यात असं मागणं मागणारी बाई वेडीच म्हणायची. पण आधी ऐकून घ्या, मग काय ते म्हणा.

आमच्या घरात समुद्रातल्या माशांची टाकी आहे. सहा फूट लांब. ही हौस माझ्या धाकट्या दिराची, सुनिलची. तो सुतार. शहापूरच्या बाजारात त्याचं फर्निचरचं दुकान होतं. मुंबईत कुणाकडे कपाट बसवायला गेला, तिथे खाऱ्या पाण्याची टाकी बघितली आणि झपाटून परत आला. टाकीखालचं सागाचं स्टँड त्याने स्वतः बनवलं, एकही खिळा न मारता, नुसत्या खाचांवर. मग मासे आणले. त्यातला एक एंजल जातीचा, तळहातात मावेल एवढा, गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळं. टाकीत सोडल्याबरोबर त्याने बाकीच्यांना एका कोपऱ्यात दाबलं आणि मधला मोठा दगड बळकावला. सुनिल म्हणाला, "हा सरपंच." तेच नाव पडलं.

दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि सुनिल गेला. त्याचं लग्नही व्हायचं होतं. तो गेल्यावर सरपंचाच्या अंगावरची वर्तुळं हळूहळू मोडली आणि त्या जागी पिवळे पट्टे उमटले. या जातीचं तसंच असतं, मोठा झाला की अंगरखा बदलतो. माझे सासरे, आबा, रोज संध्याकाळी टाकीसमोर पाट टाकून ते बघत बसायचे. पोरगा जिवंत असताना याच टाकीला त्यांनी खुळ्याचा कारभार म्हटलं होतं. आता म्हणायचे, "सुनिलनं याला असा बघितलाच नाय गो." दुसरं काही नाही. मीही मग भांडी जरा सावकाश घासायचे.

आता दुसरा खुळा म्हणजे माझा नवरा किशोर. याला कुणाला नाही म्हणता येत नाही. कल्याण-डोंबिवलीत कुणाची बदली झाली, कुणाची इमारत पाडायला काढली, कुणाची हौस फिटली, की त्यांचे मासे बादलीतून आमच्या दारात. "शीतल, बिचारा जाईल कुठं?" असं म्हणून किशोर तो टाकीत सोडणार. एसटीत शेवटच्या फेरीला माणसं कोंबतात तशी टाकी भरली. आणि भरलेली टाकी म्हणजे घाण. मासे खाणार, तितकंच बाहेर टाकणार. ती घाण खाणारे जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे, त्यांच्याच जिवावर टाकी चालते. फिल्टर म्हणजे त्या जंतूंचं घर. सुनिलने बसवलेला लहान फिल्टर एवढ्या माशांना पुरेना. पाण्याला वास यायला लागला, सरपंच खाणं टाकायला लागला, तेव्हा नवीन फिल्टर कोणता घ्यायचा यावरून घरात महाभारत सुरू झालं.

दोन रस्ते होते. एक म्हणजे मोठ्या टाकीच्या खाली दुसरी उघडी टाकी बसवायची. त्यात दगड, जाळ्या आणि फेस काढणारं नळकांडं. वरचं पाणी खाली उतरतं, स्वच्छ होऊन पुन्हा वर चढतं. उघडी असल्यामुळे तिला हवा लागते, लाइट गेली तरी पाणी लगेच सडत नाही. दुसरा रस्ता म्हणजे बंद डबा. दिसायला देखणा, जागा थोडी, आवाज नाही. पण लाइट गेली की डब्यातलं पाणी थांबतं, आतले जंतू गुदमरून मरतात आणि तिथेच कुजतात. मग लाइट आली की डबा ती सगळी कुजलेली घाण आपणहून टाकीत ओततो. आमच्याकडे लाइट किती वेळा जाते हे शहापूर तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायची गरज नाही.

म्हणून मी म्हटलं, खाली उघडी टाकी. पण ती आत सरकवायची तर सुनिलच्या स्टँडची समोरची आडवी फळी कापायला लागणार होती.

"वजन सगळं पायांवर हाय, फळी कापली तर काय व्हत नाय," किशोरने मापं घेऊन सांगितलं.

आबांनी पाटावरून मान वर केली. "त्या फळीला करवत लागली तर ती माझ्या अंगाला लागली समज."

झालं. पुढे कोण बोलणार? किशोरने मापाची टेप गुंडाळली. मी गप्प बसणाऱ्यातली नाही, पण त्या वेळी आबांचा चेहरा बघून माझीही जीभ टाळ्याला चिकटली. बंद डबा आला. मी त्यावर माझी एक तोड काढली. शहापूरच्या मोटारपंपाच्या दुकानातून लहानसा स्टार्टर आणला, शेतातल्या मोटरला असतो तसाच, हिरवं बटण आणि लाल बटण. लाइट गेली की स्टार्टर पडायचा आणि लाइट आली तरी पडलेलाच राहायचा. मी डबा बाहेर नेऊन धुवायचे, मगच हिरवं बटण दाबायचे. तोवर माशांना हवा द्यायला बॅटरीवरचा एक लहान पंप होता, लाइट गेली की तो आपोआप बुडबुडे सोडायचा. व्यवस्था चोख होती. तिला कुणी हात लावला नसता तर.

भाविका म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. तिचा साखरपुडा गावाला होता, आबांची शेती आहे तिथेच. सकाळी आम्ही निघालो तेव्हा आसनगावात लाइट होती. गाडी आमचीच, जुनी ईको. किशोर मामा म्हणून मांडवात अडकलेला, मी बायकांत. त्या गावात फोनला रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर मिळते. जेवणं उरकल्यावर मी तिकडे गेले आणि फोन टिंगटिंग वाजायला लागला. आमच्या आळीचा एक ग्रुप आहे, नावच आहे 'लाइट आली का?'. सकाळीच एका डंपरने मागे घेताना विजेचा खांब आडवा केला होता. आम्ही निघाल्यावर थोड्याच वेळात. म्हणजे तेव्हापासून डबा बंद, आणि वर मे महिन्याचा उकाडा.

तरी मी घाबरले नव्हते. स्टार्टर पडला असणार, बॅटरी चालू असणार. संध्याकाळी जाऊन डबा धुवायचा. मी मांडवात येऊन किशोरला सांगितलं. आबा शेजारीच खुर्चीवर होते, नवा फेटा, तोंडात विडा. ते हसले.

"काय काळजी करतंस गो? लाइट आली का तुझी मशीन आपोआप चालू होल. मी आटो बसवलाय."

मी गर्रकन वळले. "काय बसवलाय?"

"आटो. गावच्या मोटरचा जुना पडून होता ना, तो. सकाळी तू साडी नेसत होतीस तवा जोडला. घरात कोण नसताना सरपंच बिनपाण्याचा... म्हंजे बिनमशीनचा राहाला नको. तुला बोललो नाय, म्हटला कौतुक वाटंल."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात शेतातल्या मोटरची लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून शेतकरी स्टार्टरला एक डबी जोडतात, तिला म्हणतात आटो. लाइट आली की ती माणसाच्या वतीने हिरवं बटण दाबते. शेतकऱ्याची झोपमोड होत नाही, भाताच्या रोपांना पाणी मिळतं. मळ्यातला प्रत्येक माणूस बसवतो. माझा अडवलेला दरवाजा आबांनी अगदी मायेने उघडा टाकला होता.

"आबा," मी म्हणाले, "लाइट आली का सरपंच मरंल."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी त्यांना भर मांडवात, बायका बघताहेत याची पर्वा न करता, डब्यात काय कुजतं आणि ते कुठे जातं हे सांगितलं. त्यांच्या तोंडातला विडा तसाच राहिला. किशोरने खिशातून गाडीची चावी काढली, पण मुलाकडची माणसं नारळ घेऊन उभी होती आणि मामाशिवाय पुढचं होणार नव्हतं.

"चावी द्या," मी म्हटलं. "मी जाते."

"मी येतो," आबा उठले. मी नको म्हटलं, तर ते आधीच गाडीकडे चालायला लागले होते.

मुरबाडपर्यंत मी गाडी अशी हाकत होते की आबांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि वरची कडी धरून बसले. मुरबाडच्या नाक्यावर रेंज आली. मी गाडी बाजूला घेतली आणि ग्रुप उघडला.

नवा खांब उभा राहिला होता. "वायर ओढतायत," असं कुणीतरी फोटोसकट टाकलं होतं. खाली हात जोडल्याची रांग. मी लिहिलं, कुणीतरी आमच्या घराचा मेन स्विच खाली करा, फार अर्जंट आहे. लगेच एक हसणारं तोंड आलं. मग अक्षय म्हणून आमच्या आळीत एक दुधाचा धंदा करणारा आहे, त्याने लिहिलं, "वहिनी, इथं लोक लाइटसाठी तडफडतायत आणि तुमाला येणारी लाइट बंद करायची?" त्यावर आणखी तोंडं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फोनमधून हात घालून एकेकाचा कान धरावा. मी शेजारच्या कमळताईंना फोन लावला.

"कमळताई, हसू नका. आमचा मेन पाडा."

"मीटर तुझ्या ग्रिलच्या आत हाय गो. ग्रिलला कुलूप."

ते कुलूप मीच लावते, रोज, दोनदा ओढून बघून.

"आंबे काढायची काठी हाय ना तुमची? ग्रिलमधून घाला, कोरडी हाय ना बघा, आन खटका खाली ढकला."

"आन लागला मला शॉक म्हंजे?"

"लाइटच नाय तर शॉक कसला! पण लवकर करा, ती यायच्या आत."

"बघते," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागून कुणीतरी ओरडलं की वायर जोडली. मग त्यांचा फोन बंद पडला. सकाळपासून लाइट नाही म्हटल्यावर फोनची बॅटरी तरी किती टिकणार.

मी गाडी काढली. सरळगावला वळल्यावर आबा सांगायला लागले.

"आटोला टायमर असतो."

"म्हंजे?"

"लाइट आल्या आल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम उचलल्या का डीपी जळतो. मग अख्ख्या गावाची बोंब. म्हणून मी माझा काटा पुढं सरकवून ठेवतो. बाकीच्यांच्या चालू होऊं देत, मग माझी."

डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. ही गोष्ट मला माहीत होती. गावात त्यावरून आबांची मस्करी चालायची. आबांचं नाव नामा. सगळ्यांच्या शेतात पाणी पोचलं तरी नामाची मोटर अजून विचार करतेय, असं लोक म्हणायचे.

"मग या आटोचा काटा कुठं हाय?"

आबा कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "आठवत नाय गो. हाताला सवय हाय, फिरवला असंल. नायतर नसंल पण."

"आठवा ना!"

"नाय आठवत."

मग मी बोलले. जे मनात होतं ते सगळं बोलले. म्हटलं, फळी कापू दिली असती तर हा दिवस आला नसता. लाकडाला जपलंत आणि आता सरपंचाला मुकणार. सुनिलनं स्टँड माशांसाठी बनवलं होतं, मासे स्टँडसाठी आणले नव्हते. सुनेने सासऱ्याला असं बोलू नये, ठाऊक आहे. बोलले ते बोलले. आबा बाहेर बघत होते. काळू नदीचा पूल आला आणि गेला. खाली पाणी कसलं, नुसते दगड.

किन्हवलीच्या अलीकडे रस्ता बंद झाला. हळदीची मिरवणूक होती. पुढे डीजेची गाडी, तिच्या मागे पोरं नाचताहेत, पिवळी झालेली, आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसंच माणसं. मी हॉर्न वाजवला तर एकाने त्यावरच ताल धरला. मी खिडकीतून ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही. फोन बघितला. ग्रुपवर नवीन ओळ होती, "टेस्टिंग घेतायत."  एवढं करून इथे, या डीजेच्या आवाजात सगळं संपणार असं वाटलं आणि मला रडू यायला लागलं, रागाने.

आबा दार उघडून खाली उतरले. फेटा गाडीतच राहिला. बोडक्या डोक्याने ते त्या नाचणाऱ्यांतून चालत थेट डीजेच्या गाडीपुढे गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. गाणं थांबलं. त्या अचानक शांततेत मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"वाट द्या रे. माझ्या पोराचा जीव अडकलाय घरात."

कुणी काही विचारलं नाही. नवरदेवाचा बापच पुढे झाला, त्याने पोरांना दोन्ही बाजूंना ढकललं, कुणीतरी डीजेची गाडी शेतात उतरवली. एक बाई आबांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत घेऊन आली. "नीट जा बाबा, देव बरा करंल," म्हणाली. आबा बसले. मी गाडी काढली. ते खोटं बोलले असं मला त्या क्षणीही वाटलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते रडत होते, आवाज न करता, आणि दोन्ही हातांनी फेटा पिळत होते.

शहापूर आलं. बाजारात दुकानांचे पंखे फिरत होते, म्हणजे इथली लाइट गेलीच नव्हती किंवा आली होती, काय समजायचं? आसनगावच्या रस्त्याला लागले. एक सवय आमच्याकडे प्रत्येक घरात असते. लाइट गेली की ओट्यावरच्या दिव्याचं बटण चालूच ठेवायचं, म्हणजे ती आली की कळतं. घरात कुणी असो नसो, आमचंही ते बटण चालूच असतं. आमच्या आळीच्या वळणावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. त्या उजेडात मला पहिलं घर दिसलं. दिवा लागलेला. दुसरं घर, दिवा लागलेला. कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज. मग आमचा ओटा.

दिवा लागलेला होता.

कमळताई ग्रिलपाशी आंबे काढायची काठी धरून उभ्या होत्या. साडी घामाने भिजलेली. "नाय गो पोचली काठी," त्या म्हणाल्या. "वर झाकण हाय ना खटक्याला, कितीदा ढकलला तरी निघंना. आत्ताच आली गो. ही आत्ता."

मी कुलूप उघडताना चावी हातातून पडली. आबांनी उचलली आणि त्यांनीच लावली.  ग्रिल, मग दार. आत भट्टीसारखं गरम. बॅटरीचा पंप केव्हाच संपला होता, बुडबुड्यांचा आवाज नव्हता. मला फक्त एवढं ऐकायचं होतं, की डब्याची मोटर घुमतेय का. नव्हती घुमत. स्टार्टरवर लाल दिवा होता आणि शेजारी आबांच्या आटोची डबी. तिच्यावरचा बारीक दिवा उघडझाप करत होता.

"मोजतंय," आबा म्हणाले. "फिरवला व्हता मी काटा."

ग्रिलमधला मेन स्विच मागेच राहिला हे माझ्या डोक्यातही आलं नाही, मी प्लगकडे धावले. प्लग स्टँडच्या मागे, भिंतीच्या फटीत. मी आडवी पडून हात घातला, बोटं पोचली, आणि तेवढ्यात डोक्यावर खट्ट झालं. मोटर उचलली. टाकीच्या तोंडाशी नळीतून काळपट पाण्याचा एक भपकारा आत आलेला मी काचेतून बघितला. पुढच्या क्षणी आबांचा पंजा लाल बटणावर आदळला, इतक्या जोरात की शेजारची आटोची डबी भिंतीवरून निखळून वायरीवर लोंबायला लागली. मोटर थांबली. मी प्लग ओढून काढला आणि दोन्ही नळ्या पाण्याबाहेर खेचल्या.

मग सगळं एकदम करायचं होतं. घरातला दुसरा हवेचा पंप लावला. कमळताईंनी पंखा आणला, तो टाकीवर वाकवून धरला. किशोर कामी येईल म्हणून पिंपात मिठाचं पाणी कालवून ठेवतो, ते मी बादलीने ओतत राहिले आणि जुनं बाहेर काढत राहिले. मागच्या महिन्यात बादलीतून आलेले दोन निळे मासे तळाला आडवे पडले होते, ते गेलेच होते. बाकीचे वर तोंडं काढून श्वास मागत होते. सरपंच त्यांच्यात नव्हता. तो मधल्या मोठ्या दगडाला टेकून कलंडलेला होता, एक डोळा वर, कल्ला धाप लागल्यासारखा हलतोय. मी त्याच्या बाजूला हवेची नळी नेली आणि हात तिथेच धरून बसले. आबा काचेला कपाळ लावून उभे राहिले.

"ऊठ रे," ते म्हणत होते. "ऊठ ना रे. ऊठ."

मला नळी सोडता येईना, म्हणून डबा आबांनीच बाहेर नेला. अंगणात त्यांनी त्याचं झाकण उघडलं. सडक्या अंड्यांचा वास घरभर आला, कमळताईंनी पदर नाकाला लावला. आतल्या पाणी गाळायच्या चिंध्या काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. आबा त्या डब्यापाशी बसले ते बसलेच. वास त्यांना सोसवत नसणार, पण ते उठले नाहीत. हे सगळं आपल्या हातून टाकीत जाणार होतं, हे त्यांना मांडवात शब्दांनी कळलं होतं. आता नाकाने कळलं.

दिवेलागणीला किशोर आला. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, कपाळावर साखरपुड्याचा टिळा. तो दारातूनच टाकीकडे गेला. तोवर सरपंच सरळ झाला होता. दगडावरून हलला नव्हता, शेपटीचा एक कोपरा पांढरा पडला होता, पण सरळ होता, आणि एक लहान मासा त्याच्या दगडाजवळ आला तेव्हा त्याने अंगावर जाऊन त्याला हाकललं. ते बघून मी जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. इतका वेळ रडायला सवडच मिळाली नव्हती.

"आता रात्रभर पाणी बदलत राहायला लागंल," किशोर म्हणाला. "डबा परत लावायचा नाय. मग करायचा काय?"

 खरं सांगते, माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

आबा अंगणातून आत आले. हात धुतलेले होते, पण वास होता. ते सुनिलच्या खोलीत गेले. ती खोली तो गेल्यापासून उघडत नाही आम्ही, म्हणजे झाडायला उघडतो तेवढीच. आतून लाकडी पेटी ओढल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सुनिलची करवत होती. दात गंजू नयेत म्हणून त्याने तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आबांनी फडकं सोडलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग पाट ओढून ते टाकीसमोर बसले, रोज बसायचे तिथेच.

"किशोर, टेकू लाव खालून," ते म्हणाले. "आन शीतल, तुझी ती उघडी टाकी आत जायला किती जागा लागंल? खूण कर."

"आबा, उद्या सुताराला बोलवू," किशोर म्हणाला.

"दुसरा सुतार नको."

मी पेन्सिल आणली. फळीवर पहिली रेघ वाकडी आली, पुसून पुन्हा काढली. किशोरने दोन्ही बाजूंना टेकू लावले. आबांनी डावा तळवा फळीवर ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. वर काचेत सरपंच दगड सोडून पुढे आला होता, खाण्याची वेळ झाली की येतो तसा, आणि आबांच्या डोक्याच्या वर येऊन थांबला.

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी रेघेवर करवत लावली आणि ओढली.